मणक्यात भरायचं हाड: स्वतःचं, दुसऱ्याचं की डबीतलं?

शिराळकरीण | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतेय. वय ६१. दोन वर्षं कंबर आणि डाव्या पायात कळ. आता तर विजेचे चार खांब चालली की पाचव्याला टेकून उभी राहते. एमआरआय झाला. एल४-एल५ ला (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) मणका पुढे सरकलाय आणि नस दबलीय. नस मोकळी करायची, गादीच्या जागी केज (आतून पोकळ ठोकळा), चार स्क्रू, दोन रॉड, आणि ते दोन मणके एकमेकांत कायमचे जोडायचे, असं ठरलंय. दोन सर्जनांना दाखवलं, दोघंही ऑपरेशनच म्हणाले. तेव्हा "ऑपरेशन करूच नका, अमुक तेल लावा" हे प्रतिसाद कृपया नकोत, घरात पुरेसे मिळतात.

घोळ वेगळाच आहे. पहिल्या हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात एक ओळ आहे: बोन ग्राफ्ट सब्स्टिट्यूट, १० सीसी, रु. ६२,०००. दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात ती ओळच नाही. पहिल्याच्या काउंटरवर विचारलं तर "हाडाची पुट्टी असते मॅडम, भरावी लागते." दुसरे सर्जन म्हणाले, "आईंचंच हाड वापरू." हे ऐकून आई म्हणते, "माझंच हाड काढून मलाच घालणार, मग त्यात माझं भलं काय झालं?" शिवाय ती माळकरी आहे. "जनावराचं काही घालणार असाल तर मी येतच नाही" हे तिनं डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलंय.

मणका स्क्रूनं जोडला तर मुळात हाड भरायचं कशाला? आणि कुणाचं?

तिखटमीठ | सोमवार, रात्री ११:०५

६२ हजारांची पुट्टी! आमचा अख्खा टू-बीएचके, पुट्टीचे दोन हात आणि वर रंग, सगळं मिळून त्याहून स्वस्तात झाला होता. दुसऱ्या हॉस्पिटलला जा.

जुनाखोंड | मंगळवार, सकाळी ६:२०

पोरी, माझं ऑपरेशन १९९७ सालचं. तेव्हा डबीबिबी काही नव्हतं. कमरेच्या मागच्या बाजूनं वेगळा छेद घेऊन कटीच्या हाडाच्या कडेतून फोडी काढल्या आणि मणक्याच्या दोन्ही अंगांना रचल्या. पाठ सहा महिन्यांत सरळ झाली. पण जिथून हाड काढलं ती जागा दोन वर्षं ठणकत होती. पँटचा पट्टा नेमका तिथंच यायचा, म्हणून मी नाडीचा पायजमा घालू लागलो तो आजतागायत. सर्जनला विचार, "आईंचंच हाड" म्हणजे कुठलं? कमरेतून काढणार असतील तर आईला आधीच सांगून ठेव, नंतर नव्या दुखण्याला घाबरायला नको.

मणकेवाला | मंगळवार, दुपारी २:१५

ओपीडी संपली, आता नीट लिहितो. (मी स्पाइन सर्जन आहे. इथे कुणाचा एमआरआय बघत नाही. व्यनि (खासगी निरोप) करू नयेत.)

जुनाखोंड यांचा प्रश्न एकदम नेमका आहे, त्यावर येतो. आधी "स्क्रू आहेत तर हाड कशाला?" हे घेऊ.

स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात ना, स्क्रू आणि रॉड म्हणजे तेवढंच. काँक्रीट पकडेपर्यंत धरून ठेवायचं. फरक इतकाच की आपण हे सेंट्रिंग सहसा काढत नाही. पण भार कायमचा त्यानं पेलायचा नसतो. माणूस उठतो, बसतो, वाकतो, आणि दर वेळी धातूवर थोडा ताण येतो. दोन मणक्यांमध्ये हाडाचा पूल झाला नाही तर कधीतरी स्क्रू सैल होतो किंवा रॉड मोडतो. आमच्याकडे म्हणतात, ही हाडाची आणि धातूची शर्यत आहे. हाड आधी पोचलं पाहिजे.

आता भरायचं काय? दोडक्याचा वेल मनात आणा. त्याला तीन गोष्टी लागतात. चढायला मांडव, रुजायला बी, आणि बी रुजवणारं खत-पाणी. हाडाचंही असंच. नव्या हाडाला पसरायला जाळीदार आधार लागतो, हाड तयार करणाऱ्या जिवंत पेशी लागतात, आणि आजूबाजूच्या पेशींना "चला, इथं हाड करायचंय" असं बोलावणारी प्रथिनं लागतात. स्वतःच्या ताज्या हाडात तिन्ही असतात. दुसऱ्या माणसाच्या, प्रक्रिया केलेल्या हाडात मांडव असतो, क्वचित थोडं बोलावणं. कृत्रिम दाण्यांत नुसता मांडव. डबीवर काहीही छापलेलं असो, तुमचा प्रश्न एकच: यातलं बी कुठून येणार?

कृत्रिम दाणे बहुतेक कॅल्शियमचे क्षार असतात. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, काही आठवड्यांत विरघळतं. हाड व्हायच्या आतच मांडव कोसळतो, म्हणून मणक्यात ते मला एकट्यानं वापरायला आवडत नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट महिनोन्महिने टिकतं आणि हळूहळू जागा सोडतं. हायड्रॉक्सीॲपटाइट वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. एक्सरेत ते पांढरंशुभ्र दिसतं आणि नातेवाईक म्हणतात, "वा, किती छान हाड आलंय!" ते हाड नव्हे हो, आम्हीच टाकलेले दाणे.

आणि पुट्टी, म्हणजे डीबीएम. दात्याच्या हाडातलं खनिज आम्लानं काढून टाकायचं, मागे प्रथिनांचं जाळं उरतं, ते एखाद्या चिकट माध्यमात मळायचं. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी असं खनिज काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवून दाखवलं. जिथं हाडाचा संबंधच नाही तिथं हाड तयार झालं. त्या बोलावणाऱ्या प्रथिनाला त्यांनी पुढे बीएमपी नाव दिलं. पण डीबीएमची ताकद दात्यागणिक आणि बॅचगणिक बदलते, आणि त्यात जिवंत पेशी नसतात. म्हणून ते भरीला घालायचं, मुख्य म्हणून नव्हे.

आता "आईंचंच हाड". नस मोकळी करताना आम्ही मागची कमान आणि सांध्याचा भाग काढतोच. पूर्वी ते पिवळ्या पिशवीत, कचऱ्यात जायचं. आता ते मऊ भाग साफ करून रोंजर नावाच्या पकडीनं बारीक करतात आणि केजमध्ये आणि केजच्या पुढे भरतात. याला लोकल बोन म्हणतात. वेगळा छेद नाही, कमरेत दुखणं नाही, पैसे नाहीत. एकाच पातळीच्या (म्हणजे दोनच मणके जोडायच्या) ऑपरेशनला हे बहुतेक वेळा पुरतं, आणि अशा ऑपरेशनांत त्याचे निकाल कमरेच्या हाडाच्या तोडीचे आहेत. दुसऱ्या सर्जनना हेच म्हणायचं असावं. विचारून खात्री करा.

मात्र पाच-सहा पातळ्या असतील, पाठीचा बाक सरळ करायचा असेल, किंवा आधीचं जुळलं नाही म्हणून पुन्हा उघडायचं असेल तर लोकल बोन पुरत नाही. तिथं डबी किंवा कमरेचं हाड लागतं. तेव्हा "पुट्टी म्हणजे लूट" असं सरसकट नाही.

शिराळकरीण, माझा उलट प्रश्न: आईंना साखर? हाडं ठिसूळ? स्टेरॉइड? तंबाखू, मिश्री, तपकीर? या प्रश्नांची उत्तरं ६२ हजारांच्या ओळीपेक्षा महत्त्वाची आहेत.

शिराळकरीण | मंगळवार, रात्री ९:३०

डॉक्टर, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. मांडवाचं आईला सांगितलं, तिला लगेच पटलं. साखर काठावर आहे, गोळी नाही. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) केलाय, बरा आहे. व्हिटॅमिन डी कमी होतं, चालू केलंय. तंबाखूचा प्रश्नच नाही, माळकरी आहे ती.

चिंचेचे_बन | मंगळवार, रात्री १०:१०

थोडं अवांतर. ग्राफ्टला आपल्याकडे शब्द आहेच की: कलम. रत्नागिरीत आमच्या बागेत खुंटावर काडी बांधतात तेच. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रेड आल्बी यांनी नडगीच्या हाडाची पट्टी काढून मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये बसवली. हे गृहस्थ अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या खेड्यातले. लहानपणी आजोबांकडून झाडांवर कलम बांधायला शिकले होते. हाडाला हाड लावताना सालीला साल आणि गाभ्याला गाभा लागला पाहिजे, ही शिस्त त्यांनी तिथूनच आणली.

मणकेवाला | बुधवार, सकाळी ७:५०

वा. त्यात एवढं जोडतो की त्याच वर्षी, त्याच शहरात रसेल हिब्स यांनीही मणके जोडले, पण नडगीला हात न लावता. तिथल्याच काट्यांचे तुकडे पाडून एकमेकांवर टेकवले. म्हणजे आजचं लोकल बोन ११० वर्षांहून जुनं आहे. दोघांसमोर रुग्ण होते ते मुख्यतः मणक्याच्या टीबीचे. सरकलेला मणका वगैरे नंतर आलं. पुढे हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढून, म्हणजे छाती-पोटाच्या बाजूनं जाऊन, सडलेला भाग काढून तिथं हाड बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे बनारसच्या तुली सरांनी मात्र मधला मार्ग सांगितला: आधी औषधं, आणि ज्यांना गरज त्यांनाच शस्त्रक्रिया. आमची पिढी त्यावरच वाढली.

प्रयोगवही | बुधवार, दुपारी १२:३०

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. मी ऊतीपेढीत, म्हणजे टिश्यू बँकेत, काम केलेलं आहे, त्यामुळे "दुसऱ्याचं हाड" या शब्दाला लोक दचकतात ते रोज पाहिलंय. म्हणून लिहिते.

आपल्याकडच्या पेढ्यांतलं हे हाड बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचंही नसतं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं काढावं लागतं. ते रुग्णाच्या संमतीनं पेढीत येतं. दात्याची एचआयव्ही, दोन्ही कावीळ (बी आणि सी), सिफिलिस यांची तपासणी होते. मग चरबी आणि रक्त निघेपर्यंत धुणं. हे काम कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं. मग तुकडे कापून, गोठवून त्यातलं पाणी निर्वातात उडवायचं, सीलबंद करायचं आणि गॅमा किरण द्यायचे, साधारण २५ किलोग्रे मात्रेत. मुंबईत टाटा मेमोरियलची पेढी १९८८ पासून हे करते. किरणोत्सारानं वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारा तुर्भ्याचा आयसोमेड प्रकल्प तर १९७४ चा. बाहेर आलेलं पाकीट कपाटात साध्या तापमानाला राहतं. वापरायच्या आधी सलाइनमध्ये भिजवायचं, वाटाण्यासारखं.

किंमत मोजावी लागते ती ताकदीत. वाळवणं आणि किरण यांनी हाड थोडं ठिसूळ होतं आणि पेशी तर उरतच नाहीत. डॉक्टरांच्या भाषेत मांडव राहतो.

कायद्याचंही सांगते. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा २०११ मध्ये सुधारला आणि त्यात ऊतीही आल्या. पेढी नोंदणीकृत असावी लागते. तेव्हा मानवी हाड वापरणार असतील तर कुठल्या पेढीचं हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रत्येक पाकिटावर स्टिकर असतो: बॅच, दाता क्रमांक, मुदत. स्क्रू आणि केजचेही असतात. ते केसपेपरवर चिकटवतात. डिस्चार्जच्या वेळी त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या. नव्वद टक्के लोक घेत नाहीत. (हा आकडा माझ्या चिडचिडीचा आहे, संशोधनाचा नाही.)

हडसनकाठी | बुधवार, रात्री ११:५५

स्टिकरचं महत्त्व इकडे, अमेरिकेत, फार वाईट रीतीनं कळलं. काही कंपन्या दात्याच्या हाडात पेशी जिवंत ठेवून विकतात, म्हणजे बियासकट मांडव. पेशी जिवंत ठेवायच्या तर किरण देता येत नाहीत. २०२१ मध्ये अशा एका दात्याला टीबी होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या एकाच लॉटमधलं हाड ११३ जणांत घातलं गेलं होतं. बहुतेकांत टीबीच्या खुणा सापडल्या, काही दगावले. कोणाकोणाला ते हाड गेलं हे लॉट क्रमांकावरूनच शोधता आलं. २०२३ मध्ये दुसऱ्या दात्यामुळे पुन्हा तसंच. टीबी झाला म्हणून मणके जोडण्यापासून सुरू झालेली विद्या, आणि मणके जोडल्यामुळे टीबी!

दुसरी कथा बीएमपीची, कारण वर उल्लेख आलाच आहे. ते प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून मेडट्रॉनिक कंपनीनं इन्फ्यूज नावानं आणलं. २००२ मध्ये एफडीएनं (इकडचं औषध नियामक खातं) परवानगी दिली ती फक्त कंबरेला, पुढून करायच्या ठरावीक ऑपरेशनसाठी, ठरावीक केजसह. सर्जन मात्र ते सगळीकडे वापरू लागले. शरीरात हे प्रथिन ग्रॅमच्या अब्जांश भागात असतं, इथे ते मिलिग्रॅममध्ये ओतलं जात होतं. मानेत वापरल्यावर घसा सुजून श्वास कोंडण्याचे प्रकार झाले, २००८ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला. नको तिथं हाड वाढणं, नसेची जळजळ, कंबरेच्या पुढून केलेल्या ऑपरेशननंतर पुरुषांमध्ये वीर्य उलट दिशेनं मूत्राशयात जाणं, हेही होतंच.

२०११ मध्ये स्पाइन जर्नलमध्ये कॅरॅजी आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास उकरले. कंपनीच्या पैशांवरचे १३ अभ्यास, ७८० रुग्ण, आणि त्या प्रथिनामुळे झालेले दुष्परिणाम लिहिलेले: शून्य. कॅरॅजींच्या अंदाजात धोका १० ते ५० टक्के. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीचा अहवाल आला: त्या अभ्यासांच्या लेखक-डॉक्टरांना कंपनीकडून १४ वर्षांत सुमारे २१ कोटी डॉलर, आणि लेखांच्या मजकुरात कंपनीच्या लोकांचा हात. मग येल विद्यापीठाच्या पुढाकारानं मूळ आकडेवारी दोन स्वतंत्र गटांना दिली. त्यांचं २०१३ चं म्हणणं थोडक्यात असं: हाड जुळण्याचं प्रमाण कदाचित थोडं बरं, पण रुग्णाच्या दुखण्यात कमरेच्या हाडापेक्षा ठळक फायदा नाही.

तिखटमीठ | गुरुवार, सकाळी ९:००

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात बरोबर होतो. लूटच.

मणकेवाला | गुरुवार, दुपारी ३:४०

नाही, तुम्ही अर्धेच बरोबर होता आणि ते जास्त धोक्याचं असतं. बीएमपी आजही आहे, कमी मात्रेत, निवडक रुग्णांत, आणि तिसऱ्यांदा उघडलेल्या मणक्यात ते उपयोगी पडलेलं मी पाहिलंय. चूक प्रथिनाची नव्हती. "कमरेचं हाड काढायला नको" या एका सोयीसाठी बाकी सगळ्यावर डोळेझाक झाली.

माळकरी आईंसाठी: जनावराचं असतं का? कधी कधी असतं. बीएमपी ज्या स्पंजवर ओततात तो गाईच्या कोलॅजेनचा. काही दाणेदार ग्राफ्ट गाईच्या हाडातलं खनिज घेऊन बनवतात. पोवळ्यापासून केलेलं हायड्रॉक्सीॲपटाइटही असतं. डीबीएम मात्र सहसा माणसाचं, आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट पूर्ण कारखान्यातलं. ऑपरेशनपूर्वी सांगितलं तर सर्जन पर्याय देतो. रक्तस्राव थांबवायला ठेवतात त्या काही जाळ्याही डुकराच्या किंवा गाईच्या असतात, तेही विचारा. हा प्रश्न विचारायला रुग्ण लाजतात. माझ्याकडे एका आजींनी भुलीच्या टेबलावर झोपल्यावर विचारला होता. त्या दिवशी आम्ही दुसरी पेटी येईपर्यंत पाऊण तास थांबलो.

जुनाखोंड | गुरुवार, सायंकाळी ६:३०

भले डॉक्टर. आमच्या वेळी विचारलं असतं तर सरांनीच हाकललं असतं.

शिराळकरीण | रविवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार, आणि एक कबुली.

मणकेवाला डॉक्टरांनी विचारलं होतं त्यात "मिश्री" हा शब्द होता. मी वाचून सोडून दिला होता. काल देवघर आवरताना अष्टगंधाच्या डबीमागे पत्र्याची आणखी एक डबी. उघडली तर वासच सांगून गेला. आईला विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाली, "ते काय व्यसन आहे होय? दात घासायचं आहे ते." सकाळी, जेवणानंतर, दुपारी चहाच्या आधी आणि झोपताना. चाळीस वर्षं! गळ्यात तुळशीची माळ आणि तळव्यावर मिश्री. दोन्ही सर्जनांनी "तंबाखू खाता का?" विचारलं होतं. ती "नाही" म्हणाली, आणि तिच्या लेखी ते खरंच होतं. खात नाही ती, घासते.

मणकेवाला | रविवार, रात्री ९:००

म्हणूनच नाव घेऊन विचारावं लागतं. भाजलेली असली तरी तंबाखूच ती, निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्त मिळत नाही. धूम्रपानाचा एक जुना, १९८६ चा अभ्यास आम्हाला पाठ आहे: दोन पातळ्या जोडलेल्यांत, न ओढणाऱ्या ८ टक्के लोकांचं हाड जुळलं नाही, ओढणाऱ्यांत ४० टक्के. मिश्रीवर इतका नेटका अभ्यास माझ्या डोळ्यांसमोर नाही, पण निकोटिन रक्तात कुठल्या दारानं आलं हे हाडाला कळत नाही.

सर्जनना उद्याच सांगा. पायात ताकद शाबूत असेल आणि लघवी-शौचाचा ताबा ठीक असेल तर सहा आठवडे थांबून मिश्री सोडवता येते. पाऊल लुळं पडायला लागलं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखल. आणि ऑपरेशननंतर "आता झालं" म्हणून डबी परत यायला नको. हाड पुढचे सहा महिने ते वर्षभर तयार होत असतं. सूज-दुखण्याच्या गोळ्याही त्या काळात मनानं चालू ठेवायच्या नाहीत, त्यातल्या काही हाडाला आडव्या येतात.

चिंचेचे_बन | रविवार, रात्री ९:२०

माझी आजी मिश्री सुटावी म्हणून भाजलेली बडीशेप आणि ओवा चघळायची. पहिले दहा दिवस कुणाशी धड बोलली नाही. अकराव्या दिवशी भांडली. मग सुटली.

शिराळकरीण | साडेचार महिन्यांनी

धागा वर काढतेय, कारण निकाल न सांगता गायब होणाऱ्यांचा मलाच राग येतो.

दुसऱ्या सर्जनकडेच केलं. मिश्रीचं ऐकून ते आधी हसले, मग सात आठवडे पुढे ढकललं. आई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती (चिंचेचे_बन, अगदी तसंच). ऑपरेशन होऊन आता तीन महिने झाले. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली, कंबर अजून सकाळी आखडते. परवाच्या एक्सरेत स्क्रू जागच्या जागी आहेत. हाडाबद्दल सर म्हणाले की आत्ता काही बोलणार नाही, वर्षभरानं सीटी करून बघू. खांब मोजणं बंद झालंय, ती आता थेट विठ्ठल मंदिरापर्यंत जाऊन येते.

जुनाखोंड काका, कमरेला वेगळा छेद नाही.

प्रयोगवही ताई, स्टिकरच्या पानाची झेरॉक्स घेतली. चार स्क्रू, दोन रॉड, एक केज. ग्राफ्टच्या रकान्यात स्टिकर नाही, सिस्टरनं निळ्या पेनानं नुसतं "लोकल" लिहिलंय.